जवस-कापसाचे बेट

आमच्या थोरल्या काकांची एक काळी पत्र्याची ट्रंक होती. अमरगोळच्या आमच्या घरात ती माळ्यावर असे आणि दसऱ्याला खाली उतरत असे. तिच्यात पलटणीचा पट्टा, दोन पदके, एक मोडका चष्मा आणि एका निळ्या समुद्राचे पिवळे पडलेले चित्र-कार्ड होते. काका १९३९ च्या सुमारास बेळगावला जाऊन मराठा पलटणीत भरती झाले होते. केरेनच्या डोंगरावरची लढाई ते क्वचितच सांगत. कार्ड हातात आले, की मात्र त्यांची कळी खुलत असे. "हे सायपरस. लढाईत तेवढे चार महिने सुखाचे गेले बघ," असे ते म्हणत आणि मग ठरलेली गोष्ट सांगत. तिथे एक गाव होते. गावात एक मशीद, एक देऊळ. देऊळ म्हणजे चर्च. माणसे दोन भाषा बोलायची, पण पाण्याची विहीर एकच. "अगदी आपल्या अमरगोळसारखं," हे त्या गोष्टीचे शेवटचे वाक्य.

लहानपणी मला ही गोष्ट अगदीच बेचव वाटे. तिच्यात तोफा नव्हत्या, विमाने नव्हती. पुढे मी हायस्कुलात इतिहास शिकवू लागलो, काका गेले, ट्रंक गंजली. पण ती गोष्ट मनात कुठेतरी राहिली. आमची मुलगी आणि जावई दुबईला नोकरीला आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरात मुलीने फोन केला, "अप्पा, आठ दिवस सुट्टी आहे. तुम्ही आणि आई या. कुठंतरी समुद्राकाठी जाऊ या." मी पटकन म्हणालो, "सायप्रसला जाऊ या." पलीकडे क्षणभर शांतता. तिला वाटले असावे, अप्पांना आता या वयात समुद्रस्नानाची हौस आली!

दुबईहून लार्नाकाला पोचायला विमानाला चारेक तास लागतात. भूमध्य समुद्रातील बेटांमध्ये सिसिली आणि सार्डिनिया यांच्यानंतर सायप्रसचा क्रमांक लागतो. क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर. आपल्या हिशेबात सांगायचे, तर आजच्या धारवाड जिल्ह्याच्या दुपटीहून थोडे जास्त आणि बेळगाव जिल्ह्याहून चांगलेच कमी. मध्ये ट्रूडोसचा डोंगर, त्याचे ऑलिम्पस शिखर १,९५२ मीटर उंच. उतारावर द्राक्षाचे मळे, खाली ऑलिव्हची झाडे, आणि कडेने समुद्र. ऑक्टोबर असूनही पाणी कोमट होते. आमच्या सौ.ने नऊवारीचा ओचा वर खोचून गुडघाभर पाण्यात उभे राहून सूर्याला अर्घ्य दिले. बाजूला वाळूत पहुडलेली गोरी मंडळी कुतूहलाने पाहत होती.

सुट्टीचा हा एवढा भाग सांगून झाला. आता इतिहासाच्या मास्तराने जे पाहिले ते सांगतो.

या बेटाला प्राचीन काळी मोल आले ते तांब्यामुळे. तांब्याला लॅटिनमध्ये जो शब्द आहे, आणि ज्यावरून इंग्रजीतला 'कॉपर' आला, तो मुळी या बेटाच्या नावावरून पडला. ज्याच्या खाणी, त्याच्या मागे राजे. म्हणून असिरियन, इजिप्शियन, इराणी, ग्रीक, रोमन असे सगळे एकामागून एक इथे येऊन गेले. पश्चिम किनाऱ्यावरच्या पाफोस गावी रोमन काळातील श्रीमंतांच्या घरांचे अवशेष आहेत. १९६२ साली शेतजमीन सपाट करताना तिथे अचानक रंगीत दगडांची नक्षी असलेली फरशी लागली. उत्खनन झाल्यावर आख्खा वाडाच सापडला. त्याला आता 'डायोनायससचे घर' म्हणतात. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस किंवा तिसऱ्याच्या आरंभी जडवलेल्या त्या फरशीवर द्राक्षदेव डायोनायससची मिरवणूक आहे. त्याच्या रथाला चित्ते जुंपले आहेत, आणि बरोबर सावळ्या रंगाचे कैदी चालले आहेत. हे कैदी कोण? हिंदुस्थानचे! देव हिंदुस्थान जिंकून परत निघाला आहे, अशी ती ग्रीक पुराणकथा. अठराशे वर्षांपूर्वीच्या त्या फरशीवर आपलीच माणसे बघून सौ. म्हणाली, "बघा, आपण इथं पहिल्यांदा आलो नाही."

तिचे म्हणणे उलट्या दिशेनेही खरे आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात जी प्राचीन वस्ती उजेडात आली, तिथे ब्राँझची एक छोटी सुबक मूर्ती मिळाली. ती आहे पोसायडनची, म्हणजे याच भूमध्य समुद्राच्या देवाची. पंचगंगेच्या काठी हा खाऱ्या पाण्याचा देव व्यापाऱ्यांबरोबर आला असणार. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात तो आजही उभा आहे. आपल्यापैकी कितीजण अंबाबाईचे दर्शन घेऊन दहा मिनिटांवरच्या त्या समुद्रदेवाला भेटून आले आहेत?

पाफोसपासून थोड्या अंतरावर कूक्लिया नावाचे खेडे आहे. प्रेमाची देवता ॲफ्रोडायटी हिचे सर्वांत प्रसिद्ध देऊळ इथे होते. संगमरवरी सुंदर स्त्रीची मूर्ती असेल या कल्पनेने मी गेलो होतो. पण देवळात पूजा होत होती ती एका शंकूच्या आकाराच्या काळ्या दगडाची. रोमन इतिहासकार टॅसिटसने हे वर्णन लिहून ठेवले आहे. पुढे सम्राट झालेला टायटस इ.स. ६९ मध्ये या देवळात कौल घेण्यासाठी थांबला होता. वेदीवर रक्त सांडायचे नाही, असा इथला नियम होता. रोमन नाण्यांवर देवळाच्या गाभाऱ्यात तो शंकू स्पष्ट दिसतो. तसाच एक मोठा काळा दगड आज तिथल्या संग्रहालयात आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. ज्याच्या गावी देवीचा तांदळा आहे, ज्याने शेंदूर लावलेल्या दगडासमोर नारळ वाढवलेला आहे, त्याला या दगडाची ओळख करून द्यावी लागत नाही. अमरगोळला बनशंकरीचे आणि शंकरलिंगाचे चालुक्यकालीन देऊळ आहे. बनशंकरी मराठी घरांचीही कुलदेवता आहे आणि कानडी विणकरांचीही. देवीने आजवर कुणाला भाषा विचारल्याचे ऐकिवात नाही.

पण माणसे विचारतात. आणि सायप्रसचा पुढचा इतिहास हा त्या प्रश्नाचाच इतिहास आहे.

१५७१ साली तुर्कांनी हे बेट व्हेनिसकडून जिंकले. सैनिक आणि शेतकरी आणून वसवले. तेव्हापासून तीनशे वर्षे ग्रीक बोलणारे ख्रिस्ती आणि तुर्की बोलणारे मुसलमान एकाच मातीत राहिले. भांडणे होत, पण ती बहुधा कराची, पाण्याची, बांधाची. गावोगाव मिश्र वस्ती झाली. १८९१ च्या जनगणनेत अशी सुमारे ३४६ मिश्र गावे होती. काही कुटुंबे तर अशी होती, की ती दोन्हीकडची होती. बाहेर मुसलमानी नाव, घरात ख्रिस्ती नाव. एक संस्कार या रीतीने, दुसरा त्या. त्यांना तिथल्या बोलीत 'लिनोबांबाकी' म्हणत. म्हणजे जवसाचे सूत आणि कापसाचे सूत एकत्र विणलेले कापड!

हा शब्द संग्रहालयाच्या पुस्तकाच्या दुकानात एका पुस्तकात वाचला आणि मी थबकलोच. अमरगोळला हुबळीची कृषी बाजारपेठ आहे. कापसाच्या गाड्यांच्या रांगा बघत मी मोठा झालो. जवस तर आमच्या चटणीतलाच. धारवाडी काळ्या मातीत दोन्ही पिकतात. आणि आपण सीमाभागातली माणसे तरी दुसरी कोण आहोत? पुण्याला लग्नाला गेलो, की "हे आमचे कानडी पाहुणे" अशी ओळख होते. हुबळीत आलो, की "मराठे मंदी". घरात मराठी, दारात कानडी, रागावलो की कानडी आणि देवापुढे मराठी. द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कानडीचे महाकवी झाले. ज्ञानपीठाचे मानकरी झाले आणि मराठीतही लिहिते राहिले. जी. ए. कुलकर्णींनी मराठी कथेला कुठल्या कुठे नेऊन ठेवले, ते धारवाडला राहून, कॉलेजात इंग्रजी शिकवीत. हे सगळे जवस-कापसाचेच विणकाम आहे.

१८७८ साली बेट इंग्रजांच्या ताब्यात आले. रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या वेळी इंग्लंडच्या पंतप्रधान डिझरायलीने हिंदुस्थानातून सुमारे सात हजार फौज माल्टा बेटावर आणवली होती. तिच्यात मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. बर्लिनचा तह होताच तिच्यातील काही फौज सायप्रसवर उतरवण्यात आली. म्हणजे इंग्रजी राज्य तिथे सुरू झाले, तेव्हाही आपले शिपाई किनाऱ्यावर होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात, मे १९४१ मध्ये जर्मनांनी छत्रीधारी सैनिक उतरवून क्रीट बेट घेतले. आता पाळी सायप्रसची, अशी भीती पसरली. म्हणून १९४१-४२ च्या हिवाळ्यात पाचवी भारतीय डिव्हिजन इथे पाठवण्यात आली. काकांचे 'चार महिने सुखाचे' ते हेच. जर्मन आले नाहीत. काकांनी खंदक खणले, संत्री खाल्ली, आणि दोन भाषांच्या गावातले एका विहिरीचे पाणी प्याले.

त्यांनी पाहिलेले ते गाव कोणते, ते मला कधीच कळणार नाही. पण ती विहीर कशी आटली, ते मात्र इतिहासात नीट नोंदलेले आहे.

इंग्रजी राज्यात शाळा आल्या आणि त्या वेगवेगळ्या आल्या. ग्रीक मुलांची पुस्तके अथेन्सच्या वळणाची, तुर्की मुलांची अंकाराच्या. विसाव्या शतकाच्या मध्यास ग्रीक बाजूची घोषणा झाली, 'ग्रीसशी एक व्हायचे'. तुर्की बाजूने उत्तर आले, 'मग फाळणी करा.' १९५५ पासून चार वर्षे इंग्रजांविरुद्ध सशस्त्र लढा झाला. इंग्रजांनी पोलिसात तुर्की भरती वाढवली, त्यामुळे इंग्रजांशी चाललेली लढाई हळूहळू शेजाऱ्यावर घसरली. १९६० पर्यंत मिश्र गावे जेमतेम ११४ उरली.

१६ ऑगस्ट १९६० रोजी बेट स्वतंत्र झाले. त्याची राज्यघटना वाचली, तर तिच्याइतकी काटेकोर वाटणी कुठल्या भाऊबंदकीच्या कागदातही सापडणार नाही. राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्की. सरकारी नोकऱ्या सत्तरास तीस. सैन्यात साठास चाळीस. पाच मोठ्या शहरांत दोन-दोन नगरपालिका. दोन्ही भाषा राजभाषा. कागदावर कुणाच्याच भाषेवर अन्याय नव्हता. पण लोकसंख्येत तुर्की सुमारे अठरा टक्के होते, म्हणून ग्रीकांना वाटे, 'यांना जास्त मिळाले.' तुर्कांना वाटे, 'मिळालेले टिकणार नाही.' नगरपालिका, कर, नोकऱ्या या प्रत्येक मुद्द्यावर गाडे अडले. नोव्हेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष मकारिओस यांनी घटनेत तेरा दुरुस्त्या सुचवल्या. डिसेंबरात राजधानी निकोसियात गोळ्या चालल्या. शांतता राखण्यासाठी आलेल्या एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने शहराच्या नकाशावर दोन्ही वस्त्यांमधून पेन्सिलीने एक रेघ ओढली. हाताशी असलेली पेन्सिल हिरवी होती, म्हणून ती 'हिरवी रेघ'. युद्धबंदीची तात्पुरती सोय म्हणून ओढलेली ती रेघ आजही तिथेच आहे.

मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचे पहिले सेनापती होते आपले जनरल प्रेमसिंग ग्यानी आणि दुसरे जनरल थिमय्या. थिमय्या कोडगूचे, मडिकेरीचे. भारताचे माजी सेनाप्रमुख. निवृत्तीनंतर या परक्या बेटावर भांडणाऱ्या शेजाऱ्यांच्या मधे उभे राहण्याचे काम त्यांनी पत्करले, आणि ते करत असतानाच १८ डिसेंबर १९६५ रोजी निकोसियात त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. दुसऱ्या वर्षी सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. दोन्ही बाजूंना ज्यांच्याविषयी आदर वाटला अशी माणसे त्या काळात तिथे फार थोडी होती. कर्नाटकाचा हा सुपुत्र त्यांतला एक.

मग १९७४ उजाडले. १५ जुलैला ग्रीसच्या लष्करशहांनी सायप्रसचे सरकार उलथवले. पाच दिवसांनी, २० जुलैला तुर्कस्तानचे सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरले. ऑगस्टच्या मध्याला त्याने दुसरी चाल केली आणि बेटाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग घेतला. त्या वेळी शांतिसेनेचे प्रमुख पुन्हा एक भारतीय, जनरल प्रेमचंद, होते. निकोसियाच्या विमानतळासाठी दोन्ही सैन्ये झुंजत असताना त्यांनी तो शांतिसेनेच्या ताब्यात घेतला. त्यानंतर तिथली नियमित प्रवासी वाहतूक पुन्हा सुरू झाली नाही. एक मोडके विमान अजून धावपट्टीजवळ उभे आहे. दीड लाखाहून अधिक ग्रीक दक्षिणेला पळाले. चाळीस-पन्नास हजार तुर्क उत्तरेला गेले. दोन्ही बाजूंची मिळून सुमारे दोन हजार माणसे बेपत्ता झाली. त्यांची हाडे शोधून घरच्यांच्या स्वाधीन करण्याचे काम दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ एकत्र बसून अजून करत आहेत. १९८३ मध्ये उत्तरेने स्वतःला वेगळे राष्ट्र जाहीर केले. तुर्कस्तानखेरीज कोणी ते मानले नाही. २००४ साली एकीकरणाच्या योजनेवर मतदान झाले. उत्तरेने 'हो' म्हटले, दक्षिणेने मोठ्या बहुमताने 'नाही'.

आम्ही निकोसियाच्या लेद्रा रस्त्यावरून चालत गेलो. दुकाने, आइस्क्रीम, गजबज. आणि मधेच पोलीस चौकी. २००३ पासून माणसांना पलीकडे जाता येऊ लागले आणि २००८ च्या एप्रिलमध्ये या रस्त्यावरचा अडसर निघाला. चौकीपलीकडे काही पावले ओसाड जागा. रेतीची पोती, बंद खिडक्या. मग दुसरी चौकी आणि पुन्हा तोच रस्ता, तीच गजबज, फक्त पाट्यांची लिपी वेगळी. पलीकडे गेलो तर परतताना व्हिसाची काही अडचण येईल का, याची मुलीला काळजी वाटली. आम्ही मागे फिरलो. परतताना सौ. एवढेच म्हणाली, "एवढासा रस्ता. हाक मारली तर ऐकू जाईल."

दुसऱ्या दिवशी देरीनियाला गेलो. तिथल्या एका गच्चीवरून दुर्बिणीने वरोशा दिसते. १९७४ पूर्वी हा सायप्रसचा सर्वांत श्रीमंत समुद्रकिनारा होता. युरोपातले नटनट्या सुट्टीला इथे येत. ऑगस्टमध्ये लोक चार दिवसांत परत येऊ अशा हिशेबाने घरे कुलूपबंद करून गेले. तुर्की सैन्याने भोवती तारा ठोकल्या. २०२० च्या ऑक्टोबरात काही रस्ते फिरायला खुले झाले, पण घरांना अजून माणसे नाहीत. सोन्यासारखी वाळू आणि तिच्यामागे रिकाम्या हॉटेलांच्या रांगा. मुलीला हवा होता तसा सुंदर किनारा होता तो, पण तिने फोटो काढला नाही.

आणि मग पिला. लार्नाकाजवळचे हे खेडे दोन्ही सैन्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात येते. त्या पट्ट्याची लांबी १८० किलोमीटर आहे. त्यात ग्रीक आणि तुर्की माणसे आपापल्या मूळ घरांत अजून शेजारी राहतात असे गाव हे एकच. चौकात एका बाजूला ग्रीक कॉफीचे दुकान, समोर तुर्की कॉफीचे. वरच्या बाजूला शांतिसेनेची चौकी. दोन शाळा, दोन पाटील. इथेही सगळे गोड आहे असे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये याच गावाच्या रस्त्यावरून वाद झाला आणि मधे पडलेल्या शांतिसेनेच्या जवानांना मार बसला.

आम्ही आधी एका दुकानात कॉफी घेतली, मग समोरच्या. एकीकडे तिला ग्रीक कॉफी म्हणतात, दुसरीकडे तुर्की. तीच लांब दांड्याची भांडी, तीच बोटभर कपातली काळी, गाळ असलेली कॉफी. दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकाला मी मुलीकरवी इंग्रजीत विचारले, "समोरच्या दुकानात तुम्ही जाता का?" तो म्हणाला, "तो आजारी असला तर जातो." मी विचारले, "आणि एरवी?" तो हसला. "एरवी इथून दिसतो ना."

या उत्तराने मला रात्री झोप लागू दिली नाही. कारण सांगतो.

अमरगोळला आमच्या घराला लागून एक कानडी घर आहे. तिथला मुलगा माझा बालमित्र. नाव मुद्दाम लिहीत नाही. एका पाटीवर आम्ही धुळाक्षरे गिरवली; मी त्याला 'ळ' शिकवला, त्याने मला. तीसेक वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या मांडवावर पाटी कोणत्या भाषेत लावायची, यावरून वाद झाला. दोन्ही भाषांत लावावी असे म्हणणारे एक-दोघे होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. मी मराठीच्या बाजूने बोललो, तो कानडीच्या. कोणी कोणावर हात उगारला नाही. पण त्या वर्षी गणपती दोन बसले, आणि तेव्हापासून आमचे बोलणे 'काय, बरं?' 'होय, बरं' एवढ्यावर आले. एरवी इथून दिसतो ना!

मराठीचा आग्रह धरला हे चुकले, असे मी म्हणत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्याचा हा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून आपली भाषा टिकवण्यासाठी सीमाभागातल्या माणसांनी काय सोसले, ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायची गरज नाही. आईच्या भाषेत शिकण्याचा, अर्ज करण्याचा, पाटी लावण्याचा हक्क हा हक्कच आहे, आणि तो कायद्याच्या वाटेने मागत राहिले पाहिजे. सायप्रसने मला त्याच्या पलीकडचे काही शिकवले. तिथे भाषेचे सगळे हक्क राज्यघटनेत होते, टक्क्यांसह. नव्हती ती एकमेकांच्या दारात जाण्याची सवय. ती शाळा वेगळ्या झाल्या तेव्हा थोडी गेली, कॉफीची दुकाने वेगळी झाली तेव्हा थोडी गेली, आणि मग कोणीतरी हिरवी पेन्सिल हातात घेतली तेव्हा रेघ ओढायला जागा आयती तयार होती. ३४६ गावांची ११४ होईपर्यंत कोणी नकाशावर रेघ ओढलेली नव्हती. ती कामगिरी लोकांनी आपापल्या उंबऱ्यावर बसून केली होती.

लार्नाकाच्या विमानतळावर गुलाबपाण्याच्या वड्यांचा एक डबा घेतला. तिथल्या लोकांची ही आवडती मिठाई. पिठीसाखरेत घोळलेली, मऊ. अमरगोळला पोचलो त्या संध्याकाळी तो घेऊन शेजारच्या कट्ट्यापर्यंत गेलो. वीस पावले असतील, पण चढ असल्यासारखी वाटली. मित्र बाहेरच बसला होता. गुडघे दोघांचेही गेलेले. डबा बघून त्याने विचारले, "एल्लिंद तंदी?" कुठून आणलास? मी म्हटले, "आमच्या काकांच्या सायपरसहून." त्याला ती ट्रंक आठवत होती. लहानपणी तोही माझ्याशेजारी बसून तीच बेचव गोष्ट ऐकत असे, हे मी साफ विसरलो होतो. तो थोडा सरकला. "बारो, कूड," म्हणाला. ये रे, बस.

मी बसलो. पाटीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. तो विषय संपलेला नाही, आणि आमच्या दोघांची मतेही बदललेली नाहीत. आतून वहिनींनी दोन कप चहा पाठवला. ती विहीर, एका गावाची एकच, आमच्याकडे १९८० च्या सुमारास नळ आल्यावर बुजवली. पण ती नेमकी कुठे होती, यावर मात्र त्या संध्याकाळी आमचे एकमत झाले.